शेळीचा कप

आमच्या वरच्या मजल्यावरचे दामलेकाका दर रविवारी बशांना अंघोळ घालतात. टबात टॉवेल अंथरून, कोमट पाण्यात, एकेकीला.

या बशा म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात लहान मुलांसाठी केलेली भांडी. कप, ताटल्या, बाहुलीचे टी-सेट. गोऱ्यांची भातुकलीच म्हणा ना. सगळं पांढऱ्यावर निळं. लोक रिटायर झाले की गुडघे बदलतात. काकांनी जुने बाजार आणि ऑनलाइन लिलाव पालथे घातले. मानपाडा रोडवरच्या वन बीएचकेचा हॉल काचेच्या कपाटाला दिलाय आणि उरलेल्या जागेत काका राहतात.

बघायला गेलं की पहिला हुकूम, "हात मागे." दुसरा, "सांधा बघा." ही चित्रं आधी पातळ कागदावर छापायची, मग कागद भांड्यावर चिकटवायचा. कागदाची टोकं जुळली नाहीत की तो सांधा. "घाई केलीन बघा कारागिरानं. शेळीचं शेपूट गेलं." त्या शेळीच्या कपावर काकांचा फार जीव. आम्ही वा वा म्हणून निघायचो. चहाचं नाव नाही. काकू गेल्यापासून त्या घरातून वाटी ना आली, ना गेली.

श्रावणात त्यांची बहीण बाळकुमहून आली आणि तिने सत्यनारायण घातला. काका गुरुजींना रिक्षात बसवायला गेले तेवढ्यात वाट्या संपल्या. आमच्याकडे प्रसादाचा शिरा शेळीच्या कपातून आला.

"आई, हा आत्ताच्या आत्ता वर देऊन येते," मी म्हटलं.

"रिकामा? बरं दिसतं का ते? लाडू करते, मग दे."

आईचे लाडू म्हणजे सरकारी काम. आधी रवा जाड निघाला, मग तिची कंबर धरली.

दुसऱ्या संध्याकाळी काका हजर. "सहज आलो." दिलेलं भांडं तोंडाने परत मागायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून बसले आणि कपावर नजर लावली. कप मिक्सरशेजारी. आईने चटणी लावली की ओट्यावर कप थरथरायचा, खुर्चीत काका.

रोज यायला लागले. पहारा देता देता चहा घ्यायचे, मेथी निवडायचे, सिरियलमधल्या सासूची बाजू घेऊन आईशी भांडायचे.

शेवटी लाडू झाले. कपात एकच मावला. काकांनी कप दोन्ही हातांनी घेतला, "आभारी आहे, वहिनी" म्हणाले आणि वर गेले.

पुढे काही दिवस आलेच नाहीत. येतील कशाला, कप मिळाला होता. आई मात्र सवयीने त्यांचाही चहा टाकायची आणि मग दोन कप मलाच प्यावे लागायचे. खुर्ची कोणी उचलली नाही.

एका संध्याकाळी बेल वाजली. दारात काका, हातात कपाटातली निळी बशी, कडेने इंग्रजी मुळाक्षरं, मध्ये चिमूटभर साखर.

"प्रसाद," ते म्हणाले. कसला, ते त्यांनाही सुचलं नाही. "परत द्यायची घाई नाही हं, वहिनी. सावकाश."

आईने काही न विचारता बशी मिक्सरशेजारी ठेवली आणि चहाचं आधण वाढवलं.

काका आपल्या खुर्चीवर बसले. बशीकडे पाठ करून.