ढवळे काकांचा थेंब

कामाच्या पहिल्या दिवशी ढवळे काकांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. पाण्याच्या ग्लासात बोट बुडवून एक थेंब माझ्या नव्या बुटावर सोडला, नखानं दाबून बघितलं, वाकून वास घेतला.

"रेक्झिन हाय. दुकानदारानं चामड्याचा म्हणून दिला ना?"

दिला होता.

आमचं ऑफिस चाकणला. परदेशातून येणाऱ्या मालाचे कस्टमचे कागद आम्ही भरतो. प्रत्येक मालाला ठरलेला नंबर असतो. चामडं नुसतं कमावून वाळवलेलं असेल तर एक, वर लेप देऊन तयार केलेलं असेल तर दुसरा. काका हे बोटानं ओळखतात: पाण्याचा थेंब जिरला तर लेप नाही, वरच राहिला तर आहे. शिक्षण आठवी. मी बी.कॉम., आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि हे मी सगळ्यांना सांगतो. काकांनाही सांगितलं.

"व्हय का? लई बरं झालं. आता कातड्याला हात लावाय शीक."

थेरगावच्या एका लग्नात त्यांनी वरमाईच्या पर्सवर थेंब सोडला. डाग पडला. पण "अस्सल शेळीचं हाय, वर लेप न्हाई," असं काकांनी जाहीर केल्यावर वरमाई तो डागच पाहुण्यांना दाखवत फिरली.

मागच्या महिन्यात माझी नोकरी जायची वेळ आली. गाडीच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्याचं म्हशीचं चामडं आलं होतं. फोटोत काळंभोर दिसलं, म्हणून मी तयार मालाचा नंबर टाकला. काकांना विचारायला कमीपणा वाटला. कस्टमच्या साहेबांनी कंटेनर उघडला आणि भडकले. "कागदात तयार, आत नुसतं वाळवलेलं. लपवाछपवी चाललीय का?" माल अडकला, आणि मी अजून प्रोबेशनवर.

काका माझ्याबरोबर तिथं आले. पिशवीतून पाण्याची बाटली काढली. काळ्या चामड्यावर थेंब सोडला. जिरला.

"साहेब, रंग हाय, पर लेप न्हाई. रंग बघून नवा माणूस फसतोच. लबाडी असती तर थेंब टाकून दावला असता का म्या?"

साहेबांनी स्वतः दुसरा थेंब टाकला. मग तिसरा. मग हसले. "दुरुस्तीचा अर्ज द्या."

संध्याकाळी माल सुटला. मी आणि काका गेटबाहेर कट्ट्यावर बसलो.

तेवढ्यात काकांना आमच्या ऑफिसच्या मालकांचा फोन. ओरडणं मलाही ऐकू येत होतं. "नंबर कोणी टाकला?"

"म्या टाकला," काका म्हणाले. पाच मिनिटं बोलणी खाल्ली. शेवटी मात्र त्यांचा चेहरा एकदम खुलला.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "काका, चूक माझी होती."

"गप रे. तुला काढला असता. मला काय करत्यात?" मग हळूच म्हणाले, "आन फोन ठेवताना मालक काय म्हणले म्हाईताय? जेवलात का. आमची मंडळी गेल्यापासनं कुणी इचारलं नव्हतं बघ."

"मग, जेवलात का?"

"न्हाई."

मी आईला फोन लावला, पाहुणा आणतोय म्हणालो. तिनं विचारलं, त्यांना काय आवडतं? मी काकांना विचारलं. चामड्याची जात एका बोटात सांगणाऱ्या माणसाला हे काही सांगता येईना.

"काय बी चालंल," शेवटी म्हणाले. "गरम असू दे म्हणावं."