सूचक कोण, अनुमोदक कोण?

पोह्यांत शेंगदाणे घालायचे की नाहीत, हे आमच्या अप्पाकाकांच्या घरी ठराव करून ठरत असे. "सूचक कोण? अनुमोदक कोण?" असं विचारत, हातात झारा घेऊन ते स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत येरझाऱ्या घालत. या माणसाला सलग पाच मिनिटं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आजोबांनी त्र्यंबक रोडवरचे तीन गाळे आम्हा तीन नातवंडांसाठी ट्रस्टमध्ये ठेवले होते. विश्वस्त एकटे काका. लग्न केलं नाही. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये ते आणि ट्रस्टची इतिवृत्तं, एवढाच संसार. वर्षातून एकदा सभा, आणि दादा, मी, मेघा तिघांनी हजर राहायचंच. मी दोन गल्ल्या सोडून राहायचो, तरी मला पोस्टकार्ड यायचं: 'विषय क्र. १, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.'

धाकटी मेघा पंचवीस वर्षांची झाली की ट्रस्ट विसर्जित करावा, असं दस्तातच होतं. ती झाली अठ्ठ्याण्णव साली. मी तोवर करसल्लागार झालो होतो. कागद तयार करून नेले.

"गाळे वाटले तर कर कोण भरणार?" काकांनी विचारलं.

"ट्रस्टने विकून पैसे वाटले तर नफ्यावरचा कर ट्रस्टला. गाळेच आमच्या नावावर केले तर आत्ता काही नाही. पुढे जो विकेल तो भरेल."

"अभ्यास करायला हवा. सभा तहकूब!"

पुढच्या वर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर, तीच तहकुबी. त्याच्या पुढच्या वर्षी दादाने निळ्या शाईत सही केली म्हणून तहकूब. दादाला गाळा विकून पुण्यात घर घ्यायचं होतं, तो माझ्यावर डाफरायचा. चौथ्या सभेत माझं डोकं फिरलं.

"काका, कायदा तुम्हाला माझ्याइतकाच कळतो. मुद्दाम लांबवताय तुम्ही!"

काका थांबले. खुर्ची ओढून चक्क बसले.

"सह्या झाल्या की तुम्ही तिघं इथे कशाला याल रे?"

मला माझीच लाज वाटली.

मग मी घसा साफ केला. "शेवटचं रिटर्न भरल्यावरही खात्याकडून जुन्या वर्षांची विचारणा येऊ शकते. त्यामुळे सभा दरवर्षी घ्यावीच लागेल. तिघांनी हजर राहून." यातलं पहिलं वाक्य खरं होतं.

"कुठल्या कलमात आहे हे?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सूचक मी," मी म्हणालो.

"अनुमोदक मी," मेघा म्हणाली. दादाने मुकाट्याने हात वर केला.

काकांनी विसर्जनाच्या कागदावर सही केली. पेनाला टोपण लावायला त्यांना जरा वेळच लागला. मग ते उठून आत गेले आणि कुणालाही न विचारता त्यांनी पोह्यांत दोन मुठी शेंगदाणे घातले.