मिऊरा, लाल, १:१८

शनिवारी सकाळी राजानंद सर मंठ्याला प्रशिक्षणाला निघाले, तेव्हा त्यांनी डबा घेतला, ओळखपत्र घेतलं, रुमालसुद्धा आठवणीनं घेतला. मोबाइल तेवढा चार्जरला लटकत राहिला. नऊ वाजता त्यावर मेसेज आला आणि सरांच्या बायकोनं, ज्योत्स्नानं, तो वाचला : 'सर, तुमची गाडी आज घरपोच. मिऊरा, लाल, 1:18.'

तिनं तो तीनदा वाचला. तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं.

लग्नाला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं ती वाटूरहून घनसावंगीला, माहेरी, जीपनं जात होती. ड्रायव्हरशेजारी चौथी बसायचं, गुडघ्याला गिअरचा दांडा, मांडीवर कुणाचं तरी पोतं. उतरल्यावर आधी कोपऱ्यात उभं राहून धूळ झटकायची आणि मगच आईच्या दारात जायचं. एकदा, फक्त एकदाच, साडीच्या निऱ्या न मोडता आईच्या दारात उतरावं, एवढीच तिची इच्छा होती. मागच्या महिन्यात ती बोललीही होती, "घेतली तर लालच घ्या." सर 'हं' म्हणाले होते. त्या 'हं'चा अर्थ तिला आज लागला.

सरांना गाड्यांचं वेड होतं हे खरं, पण ते वीतभर लांबीच्या. जुन्या नामी विदेशी मोटारींच्या धातूच्या हुबेहूब प्रती. काचेच्या कपाटात अशा बावीस होत्या. त्यांना कुणी 'खेळणी' म्हटलेलं सरांना खपत नसे. कंपनी पाचशेच बनवते, प्रत्येकीच्या पोटावर नंबर असतो, आणि खोक्याचं सील तुटलं की गाडी बाद, असं ते समजावून सांगत. त्यामुळे बावीसही गाड्या सीलबंद होत्या आणि सर त्यांना आजवर काचेतूनच बघत आले होते. त्यातही मिऊरा या इटालियन मोटारीची ओढ फार जुनी. शाळेत असताना वहीच्या कव्हरवर पाहिली, तेव्हापासूनची. कपाटातल्या बावीसपेक्षा कपाटात नसलेली ती एकच त्यांना जास्त दिसायची.

ही पार्सलं ते शाळेच्या पत्त्यावर मागवत आणि घरी "मित्रानं दिली" असं सांगत. आज प्रशिक्षणामुळे शाळेत कुणी असणार नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच घरचा पत्ता दिला होता. लबाडी एकदाच चुकते, पण चुकली की चांगलीच चुकते.

"एक वाजून अठराला?" सासूबाई, मालनबाई, म्हणाल्या. "ही कोणती येळ म्हणायची?"

"कंपनीचं काम हाय, आत्याबाई. मिनिटाला बराबर."

शेजारच्या आसराबाई कुंपणावरून म्हणाल्या, "मुहूर्त काढला असंल."

"आमच्यात मुहूर्त न्हाई बघत."

"मंग एक वाजता का न्हाई येत? अठरा मिनटं कशापायी थांबून राह्यली?"

 मालनबाई बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या मांडायला गेल्या आणि जाता जाता खिरीचं फर्मान सोडून गेल्या. आसराबाई घरात जाऊन लिंबू-मिरची ओवून घेऊन आल्या.

"हे न्हाई चालत आमच्यात," मालनबाई आतूनच म्हणाल्या.

"तुमच्यात न्हाई चालत, बाई. गाडीला बांधायची हाय."

एवढ्यात सरांचा धाकटा भाऊ संपत सुतळीनं फाटक मोजून आला. "वहिनी, मोटार घुसत न्हाई. खांब काढा लागतो." आणि कुणी 'थांब' म्हणायच्या आत त्यानं पहार आणली. अर्ध्या तासात फाटकाचा खांब आडवा झाला.

"उद्याच घनसावंगीला जाऊ," ज्योत्स्ना हळूच म्हणाली.

"जाऊ की," संपत म्हणाला. "चालवतो मी. दादाला कुठं येती?"

"म्होरं मी बसंन," मालनबाई म्हणाल्या. "माझे गुडघे न्हाई दुमडत."

मग नणंदेचा, अक्षताचा, फोन आला. तिला बातमी कळली होती. ती, तिचे मालक आणि दोन लेकरं येणार होती. मागच्या सीटवर ते आणि राजानंद. संपतनं बोटं मोजली, पुन्हा मोजली आणि वहिनीकडे पाहिलं.

"वहिनी, तुमी जीपनं या मागून. तुमचा तर रोजचा रस्ता हाय."

 गाडी अजून दारात आली नव्हती आणि ज्योत्स्नाची जागा गेलीही होती.

एक वाजता सर मोटारसायकलवरून आले. पडलेला खांब, मांडलेल्या खुर्च्या, जमलेली माणसं आणि आईच्या हातात पांढरी फुलं पाहून त्यांनी मोटारसायकल तिथंच आडवी टाकली. "काय झालं? कोण गेलं?"

"गेलं न्हाई, येऊन राह्यलं! तुझी गाडी, एक अठराला."

सरांनी मोबाइल मागून घेतला, मेसेज वाचला आणि ते खुर्चीत बसले. वर्गात त्यांनी शेकडो पोरांना गुणोत्तर शिकवलं होतं. घरात कुणाला शिकवायचं राहून गेलं होतं. सांगावं कसं, याची जुळवाजुळव चालू असतानाच पार्सलवाला दुचाकीवर आला आणि हातभर खोकं सरांच्या हातात ठेवून गेला. तेव्हा नेमके किती वाजले होते, हे कुणी पाहिलं नाही.

"एवढीच?" मालनबाई म्हणाल्या.

"एकास अठरा ही येळ न्हाई, आई. माप हाय ते. खरी गाडी हिच्या अठरापट असती."

"मंग ती अठरापटवाली मागून येऊन राह्यली का?" आसराबाईंनी विचारलं.

खीर मात्र सगळ्यांनी खाल्ली. अंगण रिकामं झालं, तेव्हा ज्योत्स्ना आतल्या खोलीत डोळे पुसत बसली होती.

"मला वाटलं, माझ्यासाठी घेतली."

सरांना फार वाईट वाटलं. वीस-पंचवीस वर्षं ज्या गाडीसाठी जीव टाकला, ती मिळाली होती आणि आनंद कुठेच सापडत नव्हता. त्यांनी कात्री घेतली आणि सील कापलं.  मिऊरा त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली.

"जड हाय की," ती म्हणाली. "अन् डोळ्याला पापण्या! काजळ घातल्यावानी." तिनं नखानं दार उघडलं. 'हळू' हा शब्द सरांनी गिळला. ती वाकून आत बघत राहिली.

"मागचं सीट कुठंय?"

"न्हाई हिला. दोनच सीटं."

"खऱ्या गाडीला बी?"

"खऱ्या बी."

"मंग आत्याबाई?"

"न्हाई बसत."

"संपतभाऊजी?"

"न्हाई."

"अक्षताताई, लेकरं?"

"टपावर बी न्हाई."

ज्योत्स्नानं ते इवलंसं दार लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. आणि बाराएक वर्षांत हसली नव्हती तशी हसली.

आठ दिवसांनी संपत ओशाळवाण्या चेहऱ्यानं एक रंगीत माहितीपत्रक घेऊन आला. "दादा, आईचं अन् माझं ठरलं. सगळे मिळून खरी गाडी घेऊ. सात सीटची हाय, वहिनीला बी बराबर जागा होती."

सरांनी मान डोलवायच्या आधी ज्योत्स्ना म्हणाली, "नको, भाऊजी. आमची गाडी ठरलीय."

"कोणती?" दोघा भावांनी एकदमच विचारलं.

तिनं कपाटातल्या लाल मिऊराकडे बोट केलं.

"वहिनी, ती आपल्याला या जन्मात न्हाई मिळत!"

"थांबंन मी," ज्योत्स्ना म्हणाली आणि घनसावंगीची जीप चुकू नये म्हणून पिशवी उचलून निघाली.