शेवटच्या डब्याचे गुणवंतराव

मी माइकवरून "शर्यतीतला शेवटचा खेळाडू येतो आहे, टाळ्या!" असं ज्याच्याबद्दल जाहीर केलं, तो माणूस शर्यतीत नव्हताच. त्याच्या सायकलला घंटी होती, मडगार्ड होतं, मागं कॅरिअर होतं आणि हँडलला मेथीची जुडी लटकलेली होती. तो माझा शेजारी होता. रोज सकाळी दूध घेताना मी त्याला पाहतो. तरी त्या दिवशी ओळखलं नाही. समोर पेपरचा फोटोग्राफर उभा होता, आणि चष्म्यात मी म्हातारा दिसतो असं माझं मत आहे. म्हणून चष्मा खिशात होता.

बँडवाल्यांनी धून वाजवली. पोलिसांनी दोर सोडले. सकाळपासून अडवून ठेवलेला अकोल्याचा अकोट रस्ता धरण फुटल्यासारखा मोकळा झाला. आणि त्या गर्दीच्या उलट्या दिशेनं मेथीवाला सायकलस्वार जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "अबे थांबवा! दोर बांधा! शेवटचा डबा यायचा हाय अजून!"

तो आवाज ऐकला. चष्मा घालायची गरज उरली नाही. असं वाक्य अख्ख्या वऱ्हाडात एकच माणूस बोलतो.

गुणवंतराव बडनेऱ्याहून रिटायर झालेले रेल्वेचे गार्ड. आता अमरावतीला राजापेठेत, माझ्या शिकवणी वर्गाला लागून असलेल्या घरात राहतात. पत्नी कुसुमकाकू गेल्यापासून एकटेच. उभा जन्म त्यांनी मालगाडीच्या सगळ्यात मागच्या डब्यात काढला. रेल्वेचा एक नियम आहे. गाडी पुढून निघाली, एवढ्यावर ती गेली असं धरायचं नाही. मागच्या डब्यावरची खूण, रात्र असेल तर लाल दिवा, डोळ्यांनी दिसला पाहिजे. नाही दिसला तर समजायचं, काही डबे तुटून मागं राहिले आहेत. अशा रुळावर दुसरी गाडी सोडली तर काय होतं, असं मी एकदा विचारलं.

"मंग पेपरात येते," गुणवंतराव म्हणाले.

नोकरी संपली, पण नियम काही सुटला नाही. माझ्या वर्गाची बॅच सुटली की हे दारात उभे. शेवटच्या पोरीची स्कूटी कोपऱ्यावर वळली की खिशातली हिरवी झेंडी हलवून "लाइन किलियर" म्हणणार, मगच चहा घेणार. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना विचारणार, "शेवटचा डबा जेवला काय?" माझ्या मुलीची वरात निघाली तेव्हाही ते कार्यालयात मागं थांबले. मी चिडलो होतो. पण वरच्या खोलीत गाढ झोपलेली नवरदेवाची आत्या त्यांनाच सापडली. ती आत्या अजून त्यांना राखी पाठवते. मला साधा फोनही करत नाही.

अशा माणसाला मोबाइलवर एक दिवस फ्रान्समधल्या त्या जगप्रसिद्ध सायकल शर्यतीचा इतिहास सापडला. तीच ती, तीन आठवडे चालणारी, रोज एक टप्पा, डोंगरदऱ्यांतून जाणारी. त्या शर्यतीत जो सगळ्यात शेवटी असतो त्याला तिथले लोक 'लाल कंदील' म्हणतात. आगगाडीच्या मागच्या डब्यावरचा कंदील, त्यावरून. गुणवंतराव बनियनवरच माझ्याकडं धावत आले.

"सर! सायकलवाल्याइनं आपला दिवा नेला!"

त्या दिवसापासून आमच्या गल्लीला शांतता नाही. ही शर्यत एका वर्तमानपत्रानं आपला खप वाढावा म्हणून सुरू केली, त्या पेपरचा कागद पिवळा होता, म्हणून पुढं असणाऱ्याला पिवळा सदरा मिळतो, हे मी कुठंतरी वाचलेलं. ते सांगायला गेलो तर म्हणाले, "पिवया सदऱ्याचं मले काई सांगू नोका. तो सगळ्याइले दिसते." शर्यत सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी काही जण सायकल सोडून चक्क आगगाडीत बसून पुढं गेले, हे वाचून मात्र त्यांना जेवण गेलं नाही. "बिनतिकीट गेले असतीन लेकाचे! गार्ड काय करून राहिला होता?" शंभर वर्षांपूर्वीच्या त्या फ्रेंच गार्डावर ते आठवडाभर संतापलेले होते.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट लोहाराची. एका खेळाडूच्या सायकलचा पुढचा काटा डोंगरात मोडला. नियम असा की दुरुस्ती ज्याची त्यानंच करायची. गडी सायकल खांद्यावर घेऊन डोंगर उतरला, गावातल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतः लोखंड तापवून काटा जोडला आणि पुन्हा निघाला. तर पंचांनी वरून दंड ठोठावला. का? लोहाराकडच्या पोरानं तेवढा भाता ओढून दिला होता! ही गोष्ट सांगताना गुणवंतराव दर वेळी भाता ओढून दाखवतात आणि दर वेळी त्यांचा आवाज घोगरा होतो.

"मग त्या वर्षी जिंकलं कोण?" मी विचारलं.

"जिंकला असन कोनी तरी," ते म्हणाले.

आणि यंदा अशीच टप्प्याटप्प्यांची, व्यावसायिक खेळाडूंची शर्यत आमच्याकडं आली. देशोदेशीचे संघ, त्यांच्या गाड्या, त्यांचे डॉक्टर. त्या दिवशीचा टप्पा अमरावतीहून परतवाडा, अंजनगाव, अकोट करून अकोल्यापर्यंत. गणपतीत माइक माझ्या हातून कोणी काढून घेऊ शकत नाही, या लौकिकावर मला शेवटच्या रेषेवर निवेदक नेमलं होतं. गुणवंतरावांना हवी होती झाडूगाडी, म्हणजे सगळ्यांच्या मागून येणारी, थकून थांबलेल्यांना उचलून घेणारी गाडी. समितीनं वयाचं कारण सांगितलं. मी गोड बोलून म्हटलं, "गुणवंतराव, तुमच्यासाठी पाहुण्यांच्या मांडवात खुर्ची आहे."

"कोनत्या रांगेत?"

"पहिल्या."

"मंग नको."

तर ते आदल्या दिवशीच अकोल्याला साळ्याकडं गेले, त्याची सायकल घेतली आणि गावाबाहेर कापसाच्या एका जिनिंगजवळ जाऊन उभे राहिले. वाट पाहता पाहता मेथी घेतली. पुढचं त्यांनी मला धापा टाकत सांगितलं.

"पाव्हना मांगं हाय, सर! कोन्या तरी थंड्या मुलखातला गोरा पोट्टा. रोडवर सरकी सांडेल होती, तिच्यावरून घसरला. चाक पार वाकडं झालं. सायकल खांद्यावर घेऊन पायी येऊन राहिला."

"आणि झाडूगाडी?"

"तिच्यात दोघं चक्कर येऊन पडेल होते. ते दवाखान्यात धावली. मांगं कोनीच नाही, सर. मांगं कोनीच नाही!"

सायकल सोबत असली तर पायी रेष ओलांडलेली चालते, हे मला पाठ होतं. माइकवरून सकाळपासून तेच तर वाचून दाखवत होतो. पण ठरलेल्या वेळेच्या आत ओलांडली पाहिजे. नाहीतर तो बाद, उद्या त्याची सायकल रस्त्यावर उतरणार नाही. आणि ती वेळ भरत आली होती. इकडं माझ्या घोषणेवर विसंबून मांडववाल्यांनी जनरेटर बंद केलेला. रेषेवरची हवेची कमान सुस्कारे टाकत खाली बसत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी खरं सांगायचं होतं आणि माइक बंद पडला होता.

मी मुख्य पंचांकडं धावलो. त्या दक्षिणेकडच्या बाई, एक पाय गाडीत ठेवलेला.

"मॅडम, वो लास्टवाला लास्ट नहीं था."

"तो कौन था?"

"मेरा पडोसी."

बाईंनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी वर्गात स्वतः वापरतो. इतकी लागते हे माहीत नव्हतं. मग त्यांनी गळ्यातलं घड्याळ दाखवलं. "ये मैंने बंद नहीं किया. पर रास्ता कहाँ है?"

रस्ता नव्हताच. अकोटला निघालेली एसटी रेषेवर नाक घालून उभी होती, तिच्या मागं कापसाचा ट्रक, दुचाक्या, टमटम. आणि त्या सगळ्यांसमोर, दोन्ही पाय रोवून, लाल झेंडी ताणून धरलेले गुणवंतराव.

"ओ काका, मराचं हाय काय?" कंडक्टर खिडकीतून ओरडला.

"मले नाही. एका पाव्हन्याले वाचवाचं हाय. गाडी मांगं घे!"

"अन् टाइम कोन भरून देईन?"

"तुया टाइम उद्या भरते. त्याचा नाही भरत."

काय झालं कोण जाणे. लाल झेंडीत काहीतरी असतं. ड्रायव्हरनं मुकाट्यानं गिअर मागं टाकला. पण ट्रकवाला बाजूनं घुसायला लागला. "सर, तिकडं पाहा!" म्हणून गुणवंतरावांनी माझ्या हातात सापडली ती वस्तू दिली. मी ट्रकसमोर हात पसरून उभा राहिलो. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "काका, मेथी काय भाव?"

हशा पिकला. पण ट्रक थांबला.

आणि तेवढ्यात तो दिसला. उंच, गुडघ्यापासून पोटरीपर्यंत रक्त आणि काळी माती, सायकल खांद्यावर. त्याच्या बुटांचे तळ लोखंडी, प्रत्येक पावलाला टाप्प टाप्प असा आवाज. त्यानं मान वर केली. एसटी, ट्रक, माणसांचं कडं आणि त्यांच्यापुढं गुडघ्यात वाकलेली कमान. तो थांबला. शर्यत आपल्याला सोडून केव्हाच संपली, असं त्याला वाटलं असणार. त्यानं सायकल खांद्यावरून हळूच खाली ठेवली. पंचबाईंनी घड्याळाकडं पाहिलं आणि ओठ आवळले.

मला राहवलं नाही. मी धावलो, त्याची सायकल उचलायला हात घातला.

"हात लावू नोका!" गुणवंतराव असे ओरडले की एसटीतलं तान्हं रडायला लागलं. "भाता, सर! लोहाराचा भाता!"

तापल्या लोखंडाला लागल्यासारखा मी हात मागं घेतला.

गुणवंतराव त्याच्यापाशी गेले. अंगाला हात लावला नाही. खालच्या आवाजात, शुद्ध वऱ्हाडीत म्हणाले, "चाल बेटा. संपलं नाही काई. तू आला नाही तं गाडी आली कशी म्हनाव? चाल. मी हावो ना मांगं."

त्याला यातलं एक अक्षर कळलं नसेल. पण म्हातारा वळून आपल्या मागं जाऊन उभा राहतो आहे, हे त्यानं पाहिलं. त्यानं सायकल पुन्हा खांद्यावर घेतली.

टाप्प. टाप्प. मांडववाल्यांनी बांबू घालून कमान वर उचलली. एसटीतले लोक खाली उतरून टाळ्या वाजवायला लागले, त्यांच्यात कंडक्टरही. मी शेवटच्या रेषेकडं पाहत होतो, पण मला फक्त पंचबाईंचा अंगठा दिसत होता, घड्याळावर टेकलेला. तो खेळाडू धडपडला, सावरला, रेषेवरून पाय टाकला. अंगठा दाबला गेला. बाईंनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

मग त्यांनी मान हलवली. होकाराची.

कोण नाचलं, कोणी त्याला उचललं, मला धड आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की गुणवंतराव नाचले नाहीत. ते रेषेवर पोचले, मागं वळून मोकळ्या रस्त्याकडं नीट पाहिलं आणि खिशातून हिरवी झेंडी काढून शांतपणे हलवली. "लाइन किलियर." मग त्या गोऱ्यापाशी जाऊन विचारलं, "जेवला काय?"

संध्याकाळी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन निघालो. मेथी त्यांच्या मांडीवर. बडनेऱ्याला आल्यावर म्हणाले, "जुन्या वस्तीकून घ्या." तिकडं फाटक बंद होतं. मालगाडी येत होती. इंजिन गेलं तशी आजूबाजूच्या लोकांनी गाड्या चालू केल्या. गुणवंतराव खाली उतरले. डब्यामागून डबे जात राहिले आणि ते हात वर करून उभे. शेवटच्या डब्यात एकटा बसलेला गार्ड दचकला. आपल्याला कोणी हात दाखवतं आहे यावर त्याचा विश्वास बसेना. मग त्यानं घाईघाईनं हात उंच केला, दिसेनासा होईपर्यंत.

परत येऊन बसले तेव्हा समोर बघत बोलले.

"लोक इंजिनाले हात दाखवते, सर. मांगचा डबा येईपरंत सारे निंघून जाते. त्याइचं काई चुकत नाही, इंजिनच तसं राह्यते. नोकरीभर मले एकच मानूस हात दाखवे. त्या तिथं, कॉर्टरच्या मागल्या दारातून. हाताले कणीक लागेल असे. मी म्हनो, कुसुम, पोयी जयते ना तुयी! ते म्हने, जयू द्या. इंजिन दिसलं म्हनून काय तुमी आले होय?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला. काच बराच वेळ साफ होईना. काहीतरी चांगलं, प्रसंगाला शोभेल असं बोलावं असं मनात आलं. घसा साफ केला. "गुणवंतराव, जीवनाच्या या प्रवासात..."

"सर," ते म्हणाले, "माइक अकोल्यालेच ठेवला ना? मंग गप राहा. अन् चष्मा घाला, फाटक केव्हाचं उघडलं."