अस्वलीणबाईंनी कुत्र्याचं बारसं केलं

एका जंगलात, बालमित्रांनो, सगळेच प्राणी राहत होते. तरीही तिथे एक प्राणिमित्र मंडळ होतं. हसू नका. तुमच्या गावात माणुसकीची मंडळं नाहीत का?

मंडळाच्या अध्यक्ष होत्या सांबरीणबाई. त्यांनी एक लंगडा बगळा सांभाळला होता. जातील तिथे त्या बगळ्याला न्यायच्या आणि सांगायच्या, "हा लंगडा, बरं का!" मग सगळे हळहळायचे. बगळ्यासाठी थोडं आणि सांबरीणबाईंसाठी पुष्कळ.

हे बघून अस्वलीणबाईंचा जीव जळायचा. त्या मंडळाच्या नुसत्या चिटणीस. घरात दया करण्याजोगं कोणी नव्हतं. होता तो एक नवरा, पण तो धडधाकट.

एक दिवस त्या जंगलाबाहेरच्या सडकेवरून एक कुत्रा घेऊन आल्या. फासळ्या वर आलेल्या, एक कान फाटलेला, गळ्यात कुरतडलेल्या दोरीचं टोक. आजवर सगळे त्याला 'हाड' म्हणत आले होते. त्याला ते आपलं नावच वाटत असे.

"अहो, बघा तरी कोण आलंय!" अस्वलीणबाई दारातूनच ओरडल्या.

अस्वलरावांनी बघितलं आणि ते दोन पावलं मागे सरकले. अस्वलराव मधखात्यातून निवृत्त झालेले, अंगानं अवाढव्य. पण लहानपणी कुत्र्यांनी त्यांना झाडावर चढवलं होतं, तेव्हापासून कुत्रा दिसला की ते वाट बदलत. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. अस्वलानं असलं काही सांगायचं तरी कसं?

कुत्रा सरळ बाजेखाली घुसला.

"बाहेर ये रे राजा! आता हे तुझंच घर!" असं म्हणत अस्वलीणबाईंनी त्याला तंगडी धरून बाहेर ओढलं. तो पुन्हा आत गेला. त्यांनी पुन्हा ओढलं. आपलं घर आपलं वाटायला वेळ लागतो, पण अस्वलीणबाईंना तेवढा वेळ नव्हता. पाहुण्या यायच्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून जंगलातल्या बायका कुत्रं बघायला येऊ लागल्या. नवं बाळ बघायला येतात तशाच. येणारी प्रत्येकजण त्याची हनुवटी कुरवाळून कानशिलावर बोटं मोडायची.

"जवळ घ्या हो, सारखं कुरवाळा," हरिणी म्हणाली.

"छे, लाडावून ठेवू नका. चार दिवस उपाशी ठेवा, आपोआप पायाशी येतो," माकडीण म्हणाली.

"घराण्याची चौकशी केलीत ना?" कोल्हीणबाईंनी हळूच विचारलं.

कुत्रा थरथरत होता. अस्वलीणबाई म्हणाल्या, "आनंदानं हो! बिचाऱ्यानं एवढं प्रेम कधी पाहिलंय?"

दुपारी मात्र त्या मंडळात जायच्या आणि गुहेत दोघंच उरायचे. अस्वलराव जीव मुठीत धरून दाराशी बसत. बाजेकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून तिकडे पाठ करत. हलायची भीती, म्हणून हलत नसत. बोललो तर चावेल, म्हणून बोलत नसत. बाजेखालून दोन डोळे त्या पाठीकडे बघत राहत. जगात कोणीतरी आपल्याला ओढत नाही, हे त्या कुत्र्याला नवीनच होतं.

एकदा भाकरी खाताना अस्वलरावांना मागे खसफस ऐकू आली. दचकून हातातला तुकडा पडला. तो उचलायला वळण्याचं धैर्य त्यांना झालं नाही. थोड्या वेळानं मचमच आवाज आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुकडा मुद्दामच पाडला.

मग एका दुपारी त्यांच्या पाठीला काहीतरी ऊबदार टेकलं. कुत्रा त्यांना टेकून झोपला होता, चक्क घोरत होता. पायाला मुंग्या आल्या तरी अस्वलराव हलले नाहीत. बालमित्रांनो, त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या भरवशावर आजवर कोणी झोपलं नव्हतं.

संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, "अगं, त्याला जरा त्याचं त्याचं राहू दिलं तर..."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला प्राण्यांतलं काय कळतं?"

असं ऐकायची अस्वलरावांना सवय होती.

आणि बारसं ठरलं. पाळण्यात नाव ठेवल्याशिवाय कोणी घरचं होत नाही, अशी त्या जंगलाची रीत. पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या. कुत्र्याला झबलं चढवलं, टोपडं बांधलं. चौघींनी धरून त्याला पाळण्यात कोंबलं. आत्या हवी म्हणून अस्वलरावांची बहीण पलीकडच्या डोंगरावरून आली होती.

आत्यानं फाटक्या कानाला तोंड लावलं. "करुणानंद... कुर्रर्र!"

पुढची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. सगळ्या बायका हसत हसत आत्याच्या पाठीत धपाधप गुद्दे घालू लागल्या. सांबरीणबाई सर्वांत पुढे.

कुत्रा ताठ झाला. बारसं त्याला ठाऊक नव्हतं. मार तेवढा ठाऊक होता. या घरात कोणालातरी मारताहेत, एवढंच त्याला दिसलं. आजवर असा आवाज आला की तो पळायचा. पण आता हे त्याचं घर होतं. त्यानं पाळण्यातून उडी मारली, आत्याच्या पुढे उभा राहिला आणि सांबरीणबाईंच्या पायाला चावला.

एकच हलकल्लोळ झाला. पायाला जेमतेम ओरखडा आला होता. पण पाय अध्यक्षांचा होता.

तिथेच घुगऱ्या खाता खाता मंडळाची सभा भरली.

"कृतघ्न मेला!"

"मी घराण्याची चौकशी करा म्हणत होते."

"माझं कुर्र अर्धवट राहिलं, त्याचं काय?" आत्या म्हणाली.

"घालवून द्या," असं एकमतानं ठरत आलं. अस्वलराव कोपऱ्यात उभे होते. काय घडलं ते त्यांना लख्ख कळलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. 'तो आत्याला वाचवत होता.' एवढंच. त्यांनी तोंड उघडलं.

"अस्वलराव, तुम्हाला काही म्हणायचंय का?" सांबरीणबाईंनी विचारलं.

सगळ्या माना वळल्या. टोपडं घातलेला कुत्राही त्यांच्याकडे बघत होता.

"नाही... म्हणजे... घुगऱ्यांत मीठ जरा कमी पडलंय," अस्वलराव म्हणाले.

कुत्र्याला सडकेवर सोडायचं काम त्यांच्यावरच आलं, कारण तो त्यांच्यामागून मुकाट जाई. वाटभर कुत्रा शेपूट हलवत होता. त्याला वाटलं, दोघं फिरायला निघालोत. अस्वलरावांनी त्याचं टोपडं सोडलं, भाकरी पुढ्यात ठेवली आणि तो खात असताना ते झाडाआडून निघून आले. घरी येऊन ते कधी नव्हे ते मोठ्यानं रडले. "मीठ घातलं हो दुसऱ्या वाढणीला!" आतून अस्वलीणबाई म्हणाल्या.

त्या वर्षीचा 'करुणामूर्ती' पुरस्कार अस्वलीणबाईंना मिळाला. 'मी एका कृतघ्नाला माया लावली' या विषयावर त्या अजून व्याख्यानं देतात. बायका पदराला डोळे पुसतात. अस्वलराव पहिल्या रांगेत बसतात आणि सांगितलं की टाळ्या वाजवतात.

तात्पर्य : बेघराला घर अवश्य द्यावं, पण ते बारशापुरतं. पुण्य पदरात पडतं आणि कुत्रं सांभाळावं लागत नाही. आणि खरोखरच कोणावर जीव जडला असेल, तर सभेत मिठाबद्दल बोलावं. संसार सुखाचा होतो.