शिवकन्याबाईंनी दूध डेअरीतून सोळा मुलूख हसविले, त्याची हकीकत

श्री सोमेश्वर प्रसन्न. वाचकसाहेबांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, साहेबी आज्ञा केली की, मौजे खापरवाडीच्या दूधसंस्थेत एक बाई उभी राहिली आणि साता समुद्रांपलीकडील लोक पोट धरून हसले, ही वार्ता खरी की बाजारगप्पा, याचा शोध करून लिहिणे. आज्ञेप्रमाणे डेअरीच्या ओट्यावर चार दिवस बैठक मारून, म्हाताऱ्यांची तोंडे व इतिवृत्ताचे बुक दोन्ही तपासून, घडले ते लिहिले आहे. कमी लिहिले असेल तर तो उन्हाचा दोष, जास्त लिहिले असेल तर तेलगावच्या चहाचा.

शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर. त्या साली पर्जन्यराजाने मराठवाड्याकडे पाठ केली, आणि माजलगावचे धरण तळ दाखवू लागले, आणि सिंदफणेच्या पात्रात धूळ उडाली, आणि ऊस उभ्या जागी सरपण जाहला, मग जनावरे छावणीस गेली आणि अवघा मुलूख टँकरच्या अमलाखाली आला. खापरवाडीस टँकर होता तो दूधसंस्थेच्या खर्चाचा, आणि दूधसंस्था होती ती राजमान्य राजश्री सहकारधुरंधर चेअरमन सुंदरराव यांच्या मुठीतली. टँकरच्या पहिल्या दोन खेपा रोज मोसंबीच्या बागेस जात. बाग कागदोपत्री संस्थेची 'प्रायोगिक फळबाग', आणि मोसंबी उतरली की तिचा प्रयोग सुंदररावांच्या घरी होई. वस्तीवरील बेचाळीस बायांस सहा दिवसांनी एक घागर मिळे, तीत तळाशी चार बोटे गाळ. कोणी फिर्याद नेली तर सुंदरराव एकच फर्मावीत की, ठराव दाखवा. बागेस पाणी द्यावे असा ठराव होता, बायांस द्यावे असा नव्हता. सतरा वर्षे त्यांनी ठरावाबाहेर एक पाऊल टाकले नाही, याची त्यांस मोठी घमेंड होती.

त्या बेचाळिसांत वज्रचुडेमंडित शिवकन्याबाई. डेअरीत दुधाची फॅट काढण्याचे मशीन त्यांचे हाती, आणि जिभेस कोणाची फॅट किती हे मशीनवाचून कळे. रांगेत बाया ताटकळल्या की शिवकन्याबाई संस्थेच्या वार्षिक सभेची हुबेहूब नक्कल करीत, आणि बाया किटल्या खाली ठेवून हसत. त्या नकलेचे चित्रण कोणा बाईने मोबाईलवर करून सोडले, ते धर्मापुरीस गेले, परळीस गेले, मग पुण्यास जाऊन तेथून कोठल्या कोठे गेले. तेव्हा विलायतेहून खलिता आला की, सोळा मुलखांचे सोळा विनोदवीर एके दिवशी, आपल्या गावी उभे राहून, आपल्या बोलीत सात सात मिनिटे जगास हसवणार. हिंदुस्थानातून आपण यावे. दुभाषी आम्ही देऊ, नेट तेवढे आपले असावे.

आता नेट म्हणजे खापरवाडीत पाण्याहून दुर्मीळ. ते फक्त डेअरीच्या कचेरीत, दुधाचे आकडे वर पाठविण्याकरिता. सबब शिवकन्याबाई चेअरमनसाहेबांचे दरबारी गेल्या आणि परवानगी मागितली. सुंदररावांनी खलिता उलटसुलट पाहिला, सोळा देश हा शब्द दोनदा वाचला, आणि हुकूम केला की, परवानगी आहे. अध्यक्षस्थानी आम्ही बसू, पाठीमागे आमची तसबीर लागेल. मात्र टँकरचे आणि चेअरमनचे नाव काढावयाचे नाही, काढल्यास वस्तीची घागर बंद.

वस्तीवर हे कळले तेव्हा हसू विझले. शिवकन्याबाईंच्या सासू कडूबाई, ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ खडी फोडून काढला होता, त्यांनी चुलीपाशी बसवून सुनेस सांगितले, "जग हसंल अन घरी जाईल. आपल्याला हितंच ऱ्हायचं हाय. घागर गेली तर लेकरं काय चाटत्याल?" टँकरची गोष्ट सोडली तर सात मिनिटांत पाव्हण्यांस सांगावे असे शिवकन्याबाईंपाशी दुसरे होतेच काय? आणि सांगितली तर बेचाळीस घरांची घागर. बाई दोन दिवस मशीनपाशी मुकाट उभ्या राहिल्या आणि गवळी म्हणू लागले की फॅट कमी लागते आहे.

इकडे सुंदररावांनी एक गोष्ट अशी केली की तिला सहकारात तोड नाही. अध्यक्षस्थान म्हटल्यावर त्यांच्या मनाने घेतले की ही सभाच. मग सेक्रेटरी बिभीषण यांस हुकूम जाहला, आणि त्यांनी सात दिवस आधी नोटीस फळ्यावर डकवली: विशेष सर्वसाधारण सभा, विषय जागतिक विनोद, गणपूर्ती पन्नास. बिभीषण सरळ मनुष्य. सभेत जो शब्द पडेल तो बुकात घेणे आणि अर्थाच्या भानगडीत न पडणे, हा त्यांचा बाणा. संस्थेची रीतही ठरलेली होती. बोलणारा थांबला की दाराशी बसलेले धुळाजी धनगर हात वर करीत, ते सूचक; कडूबाई हात वर करीत, त्या अनुमोदक; मग अवघी सभा 'मंजूर' म्हणे आणि अध्यक्ष 'सर्वानुमते मंजूर' म्हणून सही ठोकीत. सतरा वर्षांत यात अक्षराचा फरक पडला नव्हता.

वैशाख वद्य द्वितीया, सोमवार, सायंकाळचे पाच. कचेरीत पडदा लागला, तसबिरीस हार चढला, सुंदरराव फेटा बांधून बसले. परंतु सभासद आले तेरा. दर सभेस चहा-चिवडा असे, यंदा चहास पाणी नव्हते, आणि कोरडा चिवडा खाऊन तहान कोण ओढवून घेतो? सुंदररावांनी घड्याळ पाहून जाहीर केले की, गणपूर्तीअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने याच जागी भरेल. पडद्यावर विलायतेचा सूत्रधार सोळा मुलखांचे प्रेक्षक घेऊन सज्ज. पुण्यात बसलेल्या दुभाषीण बाईंनी त्यास समजाविले, तेव्हा त्याने डोके खाजविले, हा पहिलाच विनोद समजून तो मनापासून हसला, आणि खापरवाडीचा नंबर शेवटी टाकला.

तेव्हा शिवकन्याबाईंनी एक मसलत केली. टँकरचे ड्रायव्हर सटवा यांस निरोप धाडला की, टँकर रिकामा का असेना, डेअरीच्या दारात उभा कर. टँकर उभा राहताच गावात हाक फिरली आणि घागरी, कळश्या, डबे घेऊन माणसे धावली, आणि अर्ध्या तासात पन्नासाच्या जागी ब्याण्णव सभासद हजर जाहले. टँकर कोरडा निघाला म्हणून चार शिव्या सटवास पडल्या, त्या त्याने खिडकीत बसून घेतल्या. मग लोक आलोच आहोत तर बसू म्हणून बसले.

पडद्यावर एकेक सरदार येऊन जात होता. स्कॉटलंडचा एक तांबूस दाढीचा गडी सतत पडणाऱ्या पावसास शिव्या घालू लागला. ते दुभाषिणीने मराठीत सांगताच सभेत कोणी हसेना, सगळे त्याच्याकडे हावरेपणाने पाहत राहिले. धुळाजी म्हणाले, "याला लई पाऊस, अन वरून रडतंय बे." मग नैरोबीची एक बाई आली. ती म्हणाली की, आमच्या घरी नळ आहे, नळातून हवा येते आणि महिनाअखेर हवेचे बिल येते. नवऱ्याने विचारले आंघोळ केलीस का, मी म्हटले, आताच वारा घेऊन आले. यावर खापरवाडी अशी हसली की घागरी एकमेकींवर आपटल्या. कडूबाईंनी पदराने डोळे पुसत विचारले की, या बाईचे माहेर केज तालुक्यात तर नाही?

शिवकन्याबाईंनी ते पाहिले आणि त्यांच्या मनातील गाठ सुटली. जग आपल्याहून निराळे नाही, त्याचीही घागर रिकामीच आहे. नंबर आला तशा त्या पदर खोचून उभ्या राहिल्या, आणि वार्षिक सभेच्या सुरात सुरू केले.

"विषय क्रमांक एक. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. मागच्या सभेत काय झालं कुणालाच ठाव न्हाई, म्हणून ते कायम."

गाव हसले. पडदा गप्प. मग पाच सेकंदांनी, दुभाषिणीचे शब्द पोहोचल्यावर, सोळा मुलखांचे हसू एकदम कोसळले. ज्यांचे आयुष्य टँकरची वाट पाहण्यात गेले, त्यांस पाच सेकंद म्हणजे काय? शिवकन्याबाईंनी तो हिशेब तत्काळ पकडला आणि दर वाक्यास थांबू लागल्या.

"विषय दोन. दुधात पाणी घालू नये असा आपला ठराव हाय. यंदा कुणीच घातलं न्हाई. पाणीच न्हाई तर घालत्याल काय? दुष्काळानं आमाला प्रामाणिक केलं बगा."

गाव हसले, मग जग हसले. सुंदरराव कॅमेऱ्याकडे तोंड करून, फेटा सावरीत, आपल्यालाच पाहून लोक खूश आहेत अशा समाधानात बसले होते. आता उरली होती दोन मिनिटे. शिवकन्याबाईंनी एकवार सासूकडे पाहिले. मग बोलल्या, आणि टँकरचे नाव काढले नाही, चेअरमनचेही नाही.

"विषय तीन. मागच्या महिन्यात मी मत दिलं. बोटाची शाई अजून निघंना, धुवायला पाणी न्हाई. आमच्या गावात मोसंबीची बाग हाय. मोसंबीला मत न्हाई, आधार कार्ड न्हाई, तरी तिला रोज दोन खेपा पाणी. मला मत हाय, कार्ड हाय, मला सहा दिसाला एक घागर. तवा मी असा ठराव मांडते, की वस्तीवरच्या आमा बेचाळीस बायांना आजपासून माणसातून कमी करावं, अन मोसंबीची झाडं समजून झाडापरमाणं पाणी द्यावं."

आणि थांबल्या. पडदा गप्प. या खेपेस गावही गप्प, कारण सर्वांनी सुंदररावांकडे पाहिले. त्या पाच सेकंदांत काय काय घडले ते नीट ध्यानात घ्यावे. बोलणारा थांबला हे धुळाजींच्या कानाने टिपले, आणि डोळा लागला असताही हात सवयीने वर गेला. बिभीषणांनी लिहिले: सूचक, धुळाजी. मग सर्वांच्या नजरा कडूबाईंवर आल्या. कडूबाई झोपेत नव्हत्या. घागर जाईल हे सुनेस ज्यांनी बजाविले, त्याच त्या. त्यांनी सुनेचे तोंड पाहिले, ते पांढरे पडले होते, आणि त्यांनी हात वर केला तो सवयीचा नव्हता. बिभीषणांनी लिहिले: अनुमोदक, कडूबाई. मग ब्याण्णव मुखांतून 'मंजूर' उठले, आणि सतरा वर्षांचे वळण ते वळण, सुंदररावांच्या तोंडून आपसूक निघाले, "सर्वानुमते मंजूर." आणि त्याच क्षणी सोळा मुलखांचे हसू येऊन कचेरीवर आदळले, ते असे की पत्रा थरथरला. नैरोबीची बाई पडद्यावर उठून उभी राहिली आणि तिने ओरडून म्हटले, "मंजूर!" त्या गदारोळात बिभीषणांनी बुक पुढे केले आणि सुंदररावांनी नजर कॅमेऱ्यावरून न काढता सही ठोकली. जगात कोणा विनोदास सूचक, अनुमोदक आणि शिक्का मिळाल्याचे दुसरे उदाहरण या बखरकारास आढळले नाही.

दुसरे दिवशी सकाळी टँकर बागेत शिरला तो सटवाने ब्रेक मारला. बेचाळीस झाडांच्या बेचाळीस आळ्यांत बेचाळीस बाया मांडी घालून बसल्या होत्या, प्रत्येकीच्या पुढ्यात घागर. वार्ता जाऊन सुंदरराव मोटारसायकलवरून आले आणि गरजले की, हा काय तमाशा, उठा. शिवकन्याबाईंनी आळ्यातूनच हात लांब करून ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल दिली. सुंदररावांनी सतरा वर्षांत पहिल्यांदा ठराव वाचला. दोनदा वाचला. इतक्यात पुण्याहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला की, काका, परदेशातले लोक विचारतात, झाडांस पाणी मिळाले काय?

सुंदररावांचा फेटा सैल जाहला. ते सर्वांत थोर झाडापाशी गेले. "कडूबाई, तुमी तरी काही बोला."

कडूबाई समोर पाहत राहिल्या. पलीकडच्या आळ्यातून शिवकन्याबाई म्हणाल्या, "मालक, झाड बोलत न्हाई."

सटवाने पाइप हाती धरून विचारले की, चेअरमन, घालू का? सुंदररावांनी कागद उलटून शिक्का संस्थेचाच आहे हे पाहिले. सतरा वर्षे ज्या तलवारीने लोक कापले ती आपल्याच मानेवर आली, तरी तिला खोटे म्हणावे तर उरते काय? अखेर ते म्हणाले, "ठरावापरमाणं घाल बे." आणि पाणी सुटले, आणि घागरी भरल्या, आणि सांडले तेवढे मोसंबीसही मिळाले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. घागरी बेचाळीस, भरल्या बेचाळीस, गाळ नाही. नैरोबीकरीण बाई अद्याप आपल्या खेळाअखेर लोकांकडून 'मंजूर' म्हणवून घेते, आणि का म्हणावयाचे हे तेथे कोणी विचारीत नाही, खापरवाडीतही कोणी विचारीत नसे. पुढे पाऊस जाहला, तेव्हा सुंदररावांनी तो ठराव रद्द करविण्याची फार खटपट केली. परंतु रद्द करण्यास दोन-तृतीयांश सभासद लागतात, संस्थेच्या शंभर सभासदांपैकी बेचाळीस बुकात झाडे आहेत, आणि झाडास सभेची नोटीस लागू होत नाही.