एवोदियोचं लिव्हर आणि तरंगणारी गोळी

पिठाची सातवी गोळीही पेल्यातल्या पाण्यात पडली आणि तक्रारीच्या अर्जासारखी शांतपणे तळाशी जाऊन बसली.

ओफेलियाने दुखरं मनगट चोळलं. चार किलो मक्याचं पीठ ती दुपारपासून फेटत होती. तमाल म्हणजे मक्याचं पीठ कणसाच्या पानात गुंडाळून वाफवायचं; ते पीठ जमलं की नाही हे अत्लिश्को गावात कुणी चाखून बघत नाही. चिमूटभर पीठ पाण्यात सोडायचं. तरंगलं तर जमलं, बुडलं तर फेटत बसायचं. आता हे तरंगणं येतं डुकराच्या चरबीमुळे, आणि चरबी या घरात नोव्हेंबरपासून बंद होती.

नोव्हेंबरात दवाखान्यातल्या डॉक्टर इत्सेलने ओफेलियाच्या नवऱ्याच्या, एवोदियोच्या पोटावरून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं होतं. "लिव्हरवर चरबी साठलीय. डुकराची चरबी बंद. तेल वापरा, तेही बेतानं. तीन महिन्यांनी या." एवोदियोचे वडील बावन्नाव्या वर्षी लिव्हरनेच गेले. एवोदियो एकोणपन्नासचा, मुलगी सहा वर्षांची. ओफेलियाने मनातल्या मनात वजाबाकी केली आणि घरी येऊन चरबीचा डबा शेजारी देऊन टाकला.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण जानेवारीत तीन राजांच्या सणाचा गोड पाव कापला आणि त्यात दडवलेलं इवलंसं प्लास्टिकचं बाळ नेमकं एवोदियोच्या तुकड्यात निघालं. ज्याला बाळ सापडेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्या गोतावळ्याला तमाल खाऊ घालायचे. एवोदियोने उभं राहून टाळ्या स्वीकारल्या. तमाल करायचे अर्थातच ओफेलियाने.

सातवी गोळी बुडाली तेवढ्यात सासूबाई आल्या. एन्ग्रासियाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि कुठेही सहजच यायच्या.

"सहज आले गं." शाल घट्ट लपेटून त्यांनी पेल्यात डोकावलं. "बुडाली."

"दिसतंय मला, आई."

"घातलंस काय त्यात?"

"ऑलिव्हचं तेल."

सासूबाईंनी छातीवर क्रूस काढला. "तमालात? अगं, ते गुडघ्याला चोळतात!"

"डॉक्टरांनी सांगितलंय. बाबांचं काय झालं विसरलात?"

"तो दारूनं गेला! त्यात डुकराचा काय दोष? त्या बिचाऱ्यानं नुसता चखणा पुरवला."

"या घरात चरबी येणार नाही म्हणजे नाही."

"बरं बाई. घर तुझं, नवरा तुझा. मी आपला फक्त जन्म दिला त्याला." सासूबाईंनी बाह्या सारल्या. "कणसाची पानं कमी पडतील तुला. जा, घेऊन ये. तोवर मी फेटते."

सासू इतक्या लवकर 'बरं' म्हणाली, की अकरा वर्षं सून असलेल्या बाईला संशय यायला हवा. पण ओफेलियाचं मनगट ठणकत होतं, आणि ठणकत्या मनगटाला सासूसुद्धा देवमाणूस वाटते.

पानं घेऊन ती परतली, तर आठवी गोळी पेल्यात पोट वर करून निवांत तरंगत होती.

"बघा! तेलानंही होतं!" ओफेलिया किंचाळलीच.

"त्याला हात लागतो तसा," सासूबाई नम्रपणे म्हणाल्या. हा नम्रपणा त्यांना उसन्या कोटासारखा खांद्यात घट्ट होत होता.

दुसऱ्या दिवशी सव्वीस माणसं जेवली. "तेलातले आहेत, म्हणजे औषधच," असं म्हणत एवोदियोने नऊ तमाल औषध म्हणून घेतले. विजयाच्या भरात ओफेलियाने डॉक्टर इत्सेललाही बोलावलं होतं. डॉक्टरबाईंनी चार खाल्ले आणि बोटं चाटली.

"ताई, यात खरंच चरबी नाही?"

"एक कणही नाही!"

"मग परवा दवाखान्यात करून दाखवा. लिव्हरचे चाळीस पेशंट आहेत माझे. सगळे म्हणतात, चरबीशिवाय तमाल म्हणजे माती."

एन्ग्रासियाबाईंना एकदम ठसका लागला.

ठरलेल्या दिवशी दवाखान्यात चाळीस पेशंट खुर्च्यांवर आणि ओफेलिया टेबलामागे. तिने तासभर पीठ फेटलं. पहिली गोळी बुडाली. दुसरी बुडाली. तिसरी बुडाली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, आधी पोहायला शिकवा तिला!"

ओफेलियाने मान वर केली. सासूबाई शाल पोटाशी धरून, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं, सगळ्यांच्या देखत टेबलाकडे सरकत होत्या.

"आजी, शालीत काय आहे?" डॉक्टरने विचारलं.

"म्हातारपण."

म्हातारपण निसटलं आणि धप्पकन टेबलावर पडलं. पांढरंशुभ्र, किलोभर.

"त्या दिवशी किती घातली होती?" ओफेलियाचा आवाज फार खाली गेला होता.

"अर्धा किलो." सासूबाईंनी शाल सावरली. "म्हणजे एक. तुझं तेल होतंच की आधी, म्हणून एकावरच भागवलं."

चाळीस माना कोपऱ्यात उभ्या एवोदियोकडे वळल्या. तो बोटांवर नऊपर्यंत पोचला आणि कळवळून त्याने कूस दाबली.

"ती डावी बाजू," डॉक्टर म्हणाली. "लिव्हर उजवीकडे असतं. चला आत."

आत तो टेबलावर आडवा झाला. त्याचे बूट ओफेलियाने दोन्ही हातांनी छातीशी धरले होते, आणि ते खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं. डॉक्टरने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"कमी झालीय. चांगलीच कमी झालीय. एका दिवसाचे तमाल नाही दिसत इथे, रोजचं जेवण दिसतं."

ओफेलियाने बूट ठेवले, डोळे पुसले आणि लगेच ती पूर्ववत झाली. "मी तेच सांगत होते सगळ्यांना! आता माझंही बघा. निरोगी लिव्हर कसं असतं ते आईंनाही कळू दे."

ती टेबलावर चढली. डॉक्टरने यंत्र फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग पडदा बाहीने पुसला.

"ताई, तुम्ही काय खाता?"

"हा खातो तेच."

"शक्य नाही. यांचं नोव्हेंबरात होतं, त्याहून वाईट आहे हे."

एवोदियो हळूहळू उठून बसला. "आई दर रविवारी माझ्यासाठी डबा पाठवते. चरबीत तळलेलं मांस, चरबीत परतलेला घेवडा. तू म्हणालीस, मी त्याची विल्हेवाट लावते."

ओफेलिया छताकडे पाहत राहिली. "लावली."

"कशी?"

"अन्न होतं ते, एवोदियो. टाकायचं कसं? मुलगी शाळेत गेली, की उभ्या उभ्याच..."

डॉक्टर पथ्याचा कागद लिहायला लागली. एन्ग्रासियाबाईंनी चष्मा लावला, पडद्याजवळ गेल्या आणि सुनेचं ते पांढरंफटक, चकाकणारं लिव्हर निरखून पाहिलं.

"तेरा रविवार," त्या म्हणाल्या. "एकही डबा वाया गेला नाही?"

"नाही, आई."

"अकरा वर्षं झाली लग्नाला. माझ्या हातचं आवडतं म्हणून एकदा बोलली नाहीस गं, पोरी." त्यांनी शालीने डोळे टिपले आणि डॉक्टरकडे वळल्या. "याचा एक फोटो मिळेल का? मोठा करून. भिंतीवर लावीन म्हणते."